बँकेशी न बोलणारा प्रोग्रॅम

३ फेब्रुवारी

भिंगरे,

आधी पाकिटाच्या मागचा पत्ता बघून ठेव. तो आमच्या दाताच्या दवाखान्याचा आहे, उत्तर तिथेच पाठव. घरच्या पत्रपेटीचं झाकण तुटलंय, पाणी आत जातं आणि पत्रांचा लगदा होतो.

तुझं बरं चाललंय ना? मधमाश्यांच्या पेट्या ट्रकवर घालून फुलांच्या मागे गावोगाव फिरायचं, हे काम फक्त तुलाच सुचू शकतं. आई असती तर म्हणाली असती, हिला पायाला चक्र लावूनच जन्माला घातली.

एक काम आहे. यांनी ठरवलंय की पुढच्या महिन्यापासून घरातला सगळा खर्च कॉम्प्युटरवर लिहायचा. आत्तापर्यंत मी रोज संध्याकाळी पावत्या टेबलावर मांडून ठेवायचे आणि हे एकेक उचलून बघायचे. वजनकाटे तपासायची नोकरी, त्यामुळे सवयच आहे. दुकानदाराचा काटा जसा बघतात तशीच माझी साबणाची पावती. आम्ही हसतो त्यावर.

प्रोग्रॅम फुकटचा हवा, विकतचा यांना चालणार नाही. तू तुझ्या मालकांचा हिशोब कॉम्प्युटरवर करतेस असं मागे म्हणाली होतीस, म्हणून तुला विचारते. मला साधाच हवा. मी हाताने टाइप करीन आणि तो तेवढंच लक्षात ठेवेल, असा. बँकेशी स्वतःहून बोलणारा नको, फोनवर काही पाठवणारा नको. मला ते जमणार नाही, गोंधळ उडतो माझा.

फोन करू नकोस, दवाखान्यात घेता येत नाही आणि घरी गडबड असते. पत्रच लिही. लवकर लिही.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

पायांना हात लावून नमस्कार, मनातल्या मनातच, कारण हात चिकट आहेत. तुझं पत्र आम्ही मुक्काम हलवल्यावर मागून आलं. इथे जांभळ्या फुलांचं एवढं मोठं शेत आहे की मालक सकाळी उठून नुसते बघत बसतात आणि म्हणतात, "भिंगरी, आपण मेलो की काय?" परवा माश्यांचा एक थवा उडून पोस्टाच्या खांबाला जाऊन लटकला. पोस्टमास्तर टेबलाखाली. मी बादली घेऊन गेले, मला दोनच डंख बसले, पण डावा डोळा असा सुजला की पोस्टमास्तर मला ओळखेना. हां, तर प्रोग्रॅम.

मी शाळेत फारशी टिकले नाही हे तुला माहीत आहे, पण हे मला कळतं. फुकटचे प्रोग्रॅम साधारण दोन जातींचे असतात. पहिली जात आमच्या मालकांची. घरच्याच कॉम्प्युटरवर एक फाइल असते, तिच्यात आपण बसून लिहायचं: पैसे कुठून गेले आणि कुठे गेले. बटाटे घेतले तर पाकिटातून गेले आणि किराण्यात आले, दोन्हीकडे नोंद. बाहेर कोणाला काही कळत नाही. पण ताई, भयंकर कंटाळवाणं काम. दुसरी जात इंटरनेटवरची. तिला एकदा बँकेची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दिली की संपलं! तू कार्ड घासलंस की नोंद आपोआप. कुठलं दुकान, कुठला रस्ता, किती वाजले, सगळं. शिवाय दोन फोनवर टिंग वाजतं. तुमची ती जुन्या वळणाची बँक, महिन्यातून एकदा कागद पाठवणारी, तीसुद्धा यादीत आहे, मी बघितलं.

तुझा गोंधळ उडतो म्हणतेस ना, मग तुला दुसरीच हवी! तुला काही करायचंच नाही त्यात. आणि तू भित्री, भाऊजींना धड समजावून सांगणार नाहीस, म्हणून मी काल त्यांनाच फोन लावला. काय गोड बोलले! म्हणाले, "तुमच्या घरात एकाला तरी डोकं आहे म्हणायचं." त्यांनी सगळं लिहून घेतलं. दोन फोनचं तर दोनदा विचारलं.

आता पावत्या मांडायला नकोत. माझी आठवण काढ आणि मजेत राहा.

तुझी भिंगरी

२ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा प्रोग्रॅम घरात आलेलाही होता.

तुझ्यावर रागावले नाही. मीच तुला अर्धं सांगितलं. आता सगळं सांगते. दवाखान्यात हत्यारं उकळायच्या खोलीत बसून लिहितेय. डॉक्टरीणबाई दाराबाहेर उभ्या आहेत, त्यांना माहीत आहे.

मला इथून निघायचंय. या घरातून. त्याला न कळता निघायचंय. कळलं तर मला निघता येणार नाही. मागे एकदा मी नुसतं बोलून दाखवलं होतं. त्यानंतर माझा हात बरेच दिवस गळ्यात बांधलेला होता, आणि मी तुला फोनवर सांगितलं की जिन्यावरून पडले. तू जिन्याला शिव्या घातल्या होत्यास. मी ते ऐकून हसले होते खरं.

तो माझा फोन बघतो, मेल बघतो, पर्स उलटी करतो. रोख पैसे देत नाही, फक्त कार्ड. पण बँकेचा कागद महिन्यातून एकदाच येतो. मधल्या दिवसांत मी कुठे गेले ते पावतीशिवाय त्याला कळत नव्हतं, आणि बसच्या मशिनमधून पावती निघत नाही. म्हणून मला हाताने लिहायचा प्रोग्रॅम हवा होता. संध्याकाळी मी "बस" एवढंच टाइप केलं असतं. कुठली बस, ते कागद आल्यावर दिसलं असतं, आणि तोवर मी गेले असते. एका गावात डॉक्टरीणबाईंच्या मैत्रिणीचा दवाखाना आहे, तिथे भेटून यायचंय, खोली बघायचीय. मला एक महिना हवा होता, भिंगरे. फक्त एक आंधळा महिना.

गेल्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी मला दुपारी सोडलं. मी बसमध्ये चढले, कार्ड मशिनला लावलं. मशिनचा आवाज आणि माझ्या फोनचं टिंग एकदमच झालं. पुढच्या चौकात पोहोचते तोच त्याचा फोन. "पेशंट घरी जाऊन बघायला लागलीस का?" असं हसत विचारलं. मी उतरले. रस्ता ओलांडायला थांबले, आणि बघते तर समोरच्या फुटपाथवर तो उभा. त्याने हात केला. माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला होता. घरी जाताना माझं मनगट धरून चालला. लोकांना वाटलं असेल, काय प्रेमाचं जोडपं.

दिवसभर मी खुर्चीतल्या माणसांना सांगते, "घाबरू नका, काही होणार नाही." त्याचाच पगार आहे मला. आता तेच वाक्य म्हणताना माझी जीभ जड होते.

तो प्रोग्रॅम बदलता येईल का? मी सुचवलं तर तो ओळखेल. तू त्याच्याशी फोनवर बोलू नकोस, तुला खोटं बोलता येत नाही, आवाजात लगेच कळतं. पण काहीतरी सुचव.

ताई

९ मार्च

ताई,

तुझं पत्र मी ट्रकखाली बसून वाचलं. मालकांनी हाक मारली तर मला उठताच येईना. ते वाकून म्हणाले, "कुठे चावली?" मी म्हटलं, पोटात.

मी त्याला दोन फोनचं सांगितलं. मीच. तो मला दोनदा विचारत होता आणि मला वाटलं, बिचाऱ्याला कळत नसेल.

मी येऊ का? मालक म्हणतात ट्रक वळवतो. पण मी आले तर त्याला कळेल की तू मला बोलावलंस. तू सांगशील तसं.

सुचलंय एक. रडून झाल्यावर सुचलं. मालकांनी इंटरनेटवरचा प्रोग्रॅम का घेतला नाही ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "जो फुकट काम करतो त्याचं पोट कोण भरतं ते आधी बघावं." म्हणजे हे लोक आपला खर्च बघतात आणि ती माहिती दुसऱ्यांना विकतात, त्यावर त्यांची कंपनी चालते. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी वाचलं, खरंच आहे. आता तूच मागे सांगितलं होतंस की तो ज्या दुकानांचे काटे तपासतो तिथूनच अर्ध्या किमतीत सामान आणतो. त्याला सगळ्यांचं बघायला आवडतं. त्याचं कोणी बघितलं तर?

फोनवर माझा आवाज कापेल, म्हणून त्याला पत्र लिहितेय. पत्रात आवाज नसतो. खूप वेडपटासारखं लिहिलंय. वेडपट मला छान जमतं.

भिंगरी

९ मार्च

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. तुमच्या या अर्धवट मेहुणीकडून एक गाढवपणा झालाय, माफ करा. मी तुम्हाला जो प्रोग्रॅम सांगितला त्याची बारीक अक्षरं मी वाचलीच नव्हती. आमच्या मालकांनी वाचली आणि मला असं झापलं की काय सांगू! त्यात लिहिलंय की ते लोक आपल्या खर्चाची माहिती "भागीदारांना" देतात. भागीदार म्हणजे कोण, तर दुकानदार, व्याजाने पैसे देणारे, कोणीही. उद्या एखादा चलाख दुकानदार बघायचा की साहेबांनी तूप कुठून घेतलं आणि केवढ्याला घेतलं. तुमच्यासारख्या सरकारी माणसाला असलं परवडायचं नाही, असं मालक म्हणाले. मला काय कळतंय त्यातलं.

घरच्या कॉम्प्युटरवरच राहणारा एक प्रोग्रॅम आहे, तोही फुकटच. नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय. तो कोणाशीच बोलत नाही. फक्त हाताने लिहावं लागतं, पण ताईला कामच काय असतं संध्याकाळी! बसवा तिला. पहिला काढताना बँकेत जाऊन किल्ली बदलून घ्या, नाहीतर ते लोक बघतच राहतात.

तुमच्या पत्रपेटीचं झाकण तुटलंय ना, म्हणून पत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाठवतेय. म्हणाल, पोरीला एवढी तरी अक्कल आहे.

मध पाठवीन लवकरच.

आपली, भिंगरी

१७ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तुझ्या मालकांना माझ्याकडून आभार सांग. बँकेत जाऊन आलो, किल्ली बदलली, आधीचा प्रोग्रॅम काढून टाकला. दुसरा बसवला आहे. चांगला आहे. शांत आहे. तुझी ताई रोज संध्याकाळी बसून लिहिते आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसतो. तेवढाच एकमेकांना वेळ मिळतो.

एक गोष्ट मात्र समजली नाही. आमच्या पत्रपेटीचं झाकण धड आहे. मी खाली जाऊन उघडझाप करून पाहिलं. ते तुटलं आहे असं तुला कोणी सांगितलं? फोनवर तर असं काही बोलणं झालं नव्हतं, ताईच्या फोनवरूनही नाही, ते मी पाहिलं. आणि आमच्या घरी तुझं हे पहिलंच पत्र.

तुझ्या ताईला अजून विचारलेलं नाही. म्हटलं, आधी तुला विचारावं. तू खरं सांगशील, तुझा स्वभाव मोकळा आहे.

उत्तर पाठव. मी वाट पाहतो आहे.

भाऊजी

२० मार्च

ताई ताई ताई,

लगेच नीघ. महिना सोड, खोली सोड, हे पत्र वाचलंस की दवाखान्यातूनच नीघ. घरी जाऊ नकोस. त्याला झाकणाचं कळलंय. तू मला खोटं सांगितलं होतंस हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाकीचं सगळं तू खरं सांगितलंस आणि तेवढं झाकण तसंच राहिलं, आणि मी ते खरं धरलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं गं मी ते पत्र. वर दोरीही बांधली.

त्याला मी लिहिलंय की झाकणाचं मी मनानेच लिहिलं, आमच्या जुन्या घराच्या पेटीशी घोटाळा झाला. तो यावर विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नसता.

दवाखान्यात फोन लावला तर कोणीतरी नुसतं "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून दिला. त्या डॉक्टरीणबाई होत्या का? की तोच तिथे होता? आम्ही आज पेट्या हलवतोय, मी मालकांना म्हटलं मी येत नाही, मी इथे पोस्टापाशीच बसते. तेही थांबलेत. पेट्यांची दारं बंद करून ठेवलीत आणि आतून नुसता घुमण्याचा आवाज येतोय. मला तो सहन होत नाही.

एक ओळ पाठव. एक शब्द पाठव. कोरं पाकीट पाठव.

भिंगरी

१ एप्रिल

प्रिय मुली,

तुम्हाला सगळे भिंगरी म्हणतात एवढंच मला माहीत आहे, तेव्हा मीही तेच म्हणते. मी दवाखान्याची डॉक्टर.

तुमचं २० तारखेचं पत्र तुमच्या ताईला मिळालेलं नाही. ते आलं त्याच्या आधीपासूनच ती कामावर आलेली नाही. पत्र मी फोडून वाचलं, माफ करा, आणि मग स्टोव्हवर जाळलं. फोन मीच ठेवला होता. तेव्हा समोरच्या खुर्चीत तिचा नवरा बसलेला होता.

दाढ दुखते म्हणून आला होता. दाढ ठणठणीत होती. तोंड उघडून पडल्या पडल्या तो खोलीभर बघत होता. चूळ भरून विचारतो, "बाई, तुमच्याकडे कामाला असलेल्या लोकांची टपालं कुठे ठेवता हो?" मी म्हटलं, इथे माझ्याशिवाय कोणाचं टपाल येत नाही. तो म्हणाला, "छान." तपासणीचे पैसे देऊन गेला, पावती मागून घेतली. त्यानंतरही तो येतो. आत येत नाही, समोरच्या फुटपाथवर उभा राहतो.

ती कुठे आहे ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी लिहिलं नसतं. आता या पत्त्यावर लिहू नका.

डॉक्टरीणबाई

६ मे

भिंगरे,

मी आहे.

आधी हेच लिहिते, कारण तू पाकीट कसं घाईघाईने फोडत असशील ते मला दिसतंय. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, हातपाय जागच्या जागी.

तुझं पत्र त्याला मिळालं त्यानंतर आठवडाभर एकच चाललं. रोज शेजारी बसायचा. मी टाइप करायचे: भाजी, साबण, बस. तो "बस" वाचायचा आणि मान हलवायचा. आणि मग एका संध्याकाळी त्याने खिशातून प्लॅस्टिकचा तुकडा काढला, दोरीसकट, आणि कीबोर्डवर ठेवला. म्हणाला, "पत्रांच्या तिकिटांचा खर्च कुठल्या खात्यात टाकतेस?"

मी म्हटलं, मी पत्रं लिहीत नाही. त्याने माझा हात उचलून माउसवर ठेवला आणि वर स्वतःचा ठेवला. "शोधू की," म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून सगळी खाती उघडली. किराणा उघडला, औषधं उघडली, कपडे उघडले. त्याचा हात वजनाला जड आहे. काही सापडलं नाही. तिकिटं डॉक्टरीणबाई लावत होत्या. शेवटी म्हणाला, "उद्या सुट्टी घेतो. तुझ्याबरोबर दवाखान्यात येतो. दाढ दाखवायचीच आहे."

सकाळी तो दाढी करत होता. न्हाणीघराचं दार उघडंच ठेवलं होतं त्याने, मी आरशात दिसावी म्हणून. मी म्हटलं, कचरा खाली टाकून येते. "ये," म्हणाला. मी कचऱ्याची पिशवी घेऊन, रोजच्याच चपला घालून जिना उतरले. फोन भांड्यांच्या फळीवर ठेवला होता. कार्ड तेवढं मुठीत होतं. पिशवी डब्यात टाकली आणि चालायला लागले. पळाले नाही. पळणाऱ्याकडे लोक बघतात.

आलेल्या पहिल्या बसमध्ये चढले. कार्ड मशिनला लावताना डोळे मिटून घेतले. मशिन वाजलं. पुढे काहीच झालं नाही. घरात त्याच्या फोनवर काही वाजलं नाही. तो तडक दवाखान्यात गेला असणार, आणि मी उलट्या दिशेला बसमध्ये बसले होते. मी मागितलेला महिना मला मिळाला नाही, भिंगरे, पण एक सकाळ मिळाली. ती तुझ्या त्या वेडपट पत्राने दिली. झाकणाचं मनाला लावून घेऊ नकोस. ते खोटं माझं होतं.

कार्ड मी त्याच बसच्या सीटखाली टाकून दिलं. पुढचा प्रवास डॉक्टरीणबाईंनी त्या मंगळवारनंतर चपलेच्या तळाशी शिवून दिलेल्या पैशांवर झाला. त्यांच्या मैत्रिणीकडे गेले नाही, तो तिथवर पोहोचला असता. कुठे गेले ते त्यांनाही माहीत नाही.

काम मिळालंय. खोली आहे, तिला आतून दोन कड्या आहेत. तरी भीती जात नाही. परवा बाजारात कोणाचा तरी फोन टिंग वाजला आणि माझ्या हातातली कांद्यांची पिशवी जमिनीवर. बायका धावल्या, कांदे वेचून दिले, एक म्हणाली, "बाई, एवढं कशाला दचकायचं?" मी म्हटलं, सवय आहे.

आता नीट ऐक, मध्येच दुसरीकडे पळू नकोस. मला उत्तर लिहायचं नाही. पत्ता दिलेला नाही, तो शोधायचाही नाही. पाकिटावरच्या शिक्क्याचं गाव माझं नाही. हे पत्र मी एका ट्रकवाल्याकडे दिलंय आणि जिथे मनात येईल तिथे टाक म्हणून सांगितलंय. हे वाचून झालं की जाळ.

बँकेच्या कागदावर त्याला बस दिसली असेल. तिचा रस्ता तो पुरता पालथा घालेल, आणि मग तुझ्याकडे येईल. नक्की येईल. गोड बोलेल, एकच प्रश्न दोनदा विचारेल. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी तुला काहीच सांगितलेलं नाही. त्याच्या डोळ्यात बघून सांग की ताई कुठे आहे ते मला माहीत नाही. तुझा आवाज कापणार नाही, कारण ते खरं असेल.

तुझी ताई